अणुकचरा काचेत आणि सिरॅमिकमध्ये कसा कोंडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना मटेरियल्स शिकवते, त्यातही काच हा माझा जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे अणुऊर्जेची काही बातमी आली की पोरं, त्यांचे आईबाप, शेजारपाजारचे सगळे तेच प्रश्न विचारून राहतात. व्हॉट्सअॅपवर दरवेळी तुकड्या-तुकड्यात सांगून अर्धवटच कळतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

काचेत कचरा भरतात म्हणजे काचेच्या बरणीत भरून झाकण लावतात का? आणि बरणी फुटली तर?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. बरणी नाहीच आहे. कचरा काचेच्या आत ठेवत नाहीत, तो काचेचाच भाग होतो. निळी बांगडी घ्या, तिच्यात कोबाल्ट असतो, तो काचेवर लावलेला रंग नसतो, काच वितळताना तो तिच्यात विरघळलेला असतो. म्हणून बांगडी वर्षानुवर्षं पाण्यात, साबणात राहिली तरी रंग उतरत नाही आणि फुटली तरी तुकडे निळेच राहतात, कोबाल्ट काही बाहेर सांडत नाही. अणुकचऱ्यातलं सिझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे अगदी याच तऱ्हेने काचेच्या जाळ्यात अणूच्या पातळीवर अडकतं.

मग फुटल्याने काही फरक पडतो का, तर पडतो, पण वेगळा. पाणी लागायला पृष्ठभाग वाढतो. आणि खरं सांगायचं तर डब्यात ओतलेली काच थंड होताना आतून थोडीफार तडकतेच, ते सगळ्यांना माहीत आहे आणि हिशेब करताना हा वाढीव पृष्ठभाग धरूनच करतात.

सगळा अणुकचरा काचेत जातो का?

नाही हो. हातमोजे, कपडे, फिल्टर, पुसायची फडकी, असला कमी किरणोत्सारी माल दाबून किंवा जाळून लहान करतात, बराचसा सिमेंटमध्ये पक्का करतात आणि जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांमध्ये ठेवतात. काच लागते ती हाय लेव्हल कचऱ्याला. वापरलेलं इंधन गरम नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतलं की जो आम्लयुक्त द्रव उरतो तो हा. आकाराने अगदी थोडा, पण किरणोत्साराचा जवळपास सगळा वाटा त्याच्यात. सिझियम, स्ट्रॉन्शियम, टेक्नेशियम, अमेरिशियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, निम्मी आवर्तसारणीच म्हणा ना, सोबत गंजलेल्या स्टीलमधून आलेलं लोखंड, क्रोमियम, निकेल आणि प्रक्रियेत टाकलेलं सोडियम.

द्रव आहे तर राहू द्या ना चांगल्या टाकीत, एवढा खटाटोप काहून?

कारण टाकीवर कायम कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं आणि हा द्रव स्वतःच तापत राहतो. 29 सप्टेंबर 1957 ला रशियात मायाकच्या अणुकारखान्यात अशाच एका टाकीची कूलिंग बंद पडली, आतला द्रव आटला, कोरडे नायट्रेट आणि अॅसिटेटचे क्षार तापले आणि टाकीचा स्फोट झाला. शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावर किरणोत्सार पसरला. लक्षात घ्या, तो अणुस्फोट नव्हता, साधा रासायनिक स्फोट होता, आणि तरी एवढं झालं. अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुकेंद्रात युद्धकाळापासूनच्या अशा 177 भूमिगत टाक्या आहेत, त्यातल्या कितीतरी जुन्या टाक्या गळल्यात आणि ती साफसफाई कित्येक दशकं चालूच आहे. द्रव वाहतो, झिरपतो, आटतो, पेटतो. घन झाला की यातलं बहुतेक सगळं संपतं.

पण किरणोत्सार तर तेवढाच राहतो ना? मग घन काय न् द्रव काय!

हा प्रश्न फार चांगला आहे, थोडं सविस्तर सांगते. हो, किरणोत्सार तेवढाच राहतो, काच केल्याने एक बेकरेलही (किरणोत्सार मोजायचं एकक) कमी होत नाही. बदलतो तो पदार्थाचा स्वभाव, म्हणजे तो कुठे जाऊ शकतो आणि कुठे नाही हे.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहराचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगते. 1987 मध्ये तिथल्या एका बंद पडलेल्या क्लिनिकमधलं रेडिओथेरपीचं मशीन दोघांनी भंगारासाठी उचलून नेलं. आत सिझियम-137 होतं, सिझियम क्लोराइडच्या रूपात, म्हणजे मिठासारखंच पाण्यात सहज विरघळणारं. मशीन खोलताना ती कुपी फुटली, भंगारवाल्याला अंधारात निळसर चमकणारी पूड दिसली, लोकांनी ती हाताळली, घरी नेली, नातेवाइकांना वाटली, एका लहान मुलीच्या हातातून ती खाण्यातही गेली. चार माणसं गेली, त्यात ती मुलगी. एक लाखाच्या वर लोकांची तपासणी झाली, 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात सिझियम सापडलं, घरं पाडावी लागली, वरची माती खरवडून न्यावी लागली.

आता तेच सिझियम काचेच्या कांडीत असतं तर? ती कांडी हातात घेणारा माणूस तरीही दगावला असता, ते मी लपवणार नाही. पण पूड झाली नसती, हाताला चिकटली नसती, पाण्याने धुपून गावभर गेली नसती. दुर्घटना एका जागी राहिली असती. काचेचं सगळं महत्त्व या एका फरकात आहे.

काचच का? आणि बोरोसिलिकेटच का?

काच अव्यवस्थित असते म्हणून. स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, त्या मापाचा पाहुणा आला तरच आत घेतो. काचेच्या जाळ्यात जागा लहानमोठ्या, वेड्यावाकड्या असतात, त्यामुळे कचऱ्यातली ती सगळी पंचवीस-तीस मूलद्रव्यं कमीजास्त प्रमाणात एकाच वेळी मावतात. उद्या कचऱ्याची रचना थोडी बदलली तरी काच चालवून घेते.

नुसत्या सिलिकाची काच सगळ्यात टिकाऊ, पण ती वितळायला 1700 अंशांच्या वर जावं लागतं आणि तोवर सिझियम, रुथेनियम वाफ होऊन निघून जातील. बोरॉन आणि सोडियम टाकले की 1100 अंशांच्या आसपास काम होतं आणि टिकाऊपणाही फार जात नाही. फ्रान्सच्या काचेत साधारण 45 टक्के सिलिका, 14 टक्के बोरॉन ऑक्साइड, 10 टक्के सोडियम ऑक्साइड, मग अॅल्युमिना, चुना वगैरे आणि उरलेला कचरा. रशियावाल्यांनी वेगळी वाट धरली, मायाकला 1987 पासून फॉस्फेटची काच करतात.

प्रत्यक्षात करतात कसं?

आधी द्रव आटवून दाट करतात. मग काचेचे घटक मिसळून तो भट्टीत सोडतात. आत पाणी उडतं, नायट्रेट फुटून त्याची ऑक्साइडं होतात, नाकात जाणारा तपकिरी वायू निघतो, मग ऑक्साइडं काचेत विरघळतात आणि काही तास ढवळत-शिजत ठेवून एकसारखा रस तयार होतो. निघालेले वायू सरळ चिमणीला जात नाहीत, कंडेन्सर, स्क्रबर, बारीक कणांचे फिल्टर अशा रांगेतून जातात, कारण थोडं सिझियम आणि रुथेनियम उडतंच आणि ते पकडून परत भट्टीत पाठवायचं असतं.

भट्ट्या दोन-तीन तऱ्हेच्या. एकात इंडक्शनने तापवलेलं धातूचं भांडं. दुसरीत विटांची भट्टी आणि आत इलेक्ट्रोड. गार काच वीज नेत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण वितळलेली काच नेते, कारण सोडियमचे आयन मोकळे फिरायला लागतात, मग त्या रसातूनच करंट सोडतात आणि काच स्वतःच्या रेझिस्टन्सने तापत राहते. तिसरी कोल्ड क्रुसिबल, तिच्या भिंतींतून पाणी खेळतं त्यामुळे भिंतीलगत काचेचाच थर गोठून बसतो आणि धातूला रस लागतच नाही. फ्रान्समध्ये ला हाग इथे अशी एक लाइन 2010 मध्ये सुरू झाली.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे भट्टीचा नळ. हजार अंशांच्या काचेला वॉल्व्ह कुठून आणणार? तर भांड्याच्या तळाला एक नळी असते, तिच्यातली काच मुद्दाम गोठू देतात, तीच बूच. काच ओतायची वेळ आली की नळीभोवतीची कॉइल चालू करायची, बूच वितळतं, धार खालच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यात पडायला लागते, डबा भरला की तापवणं बंद, धार बारीक होत होत थांबते आणि पुन्हा बूच तयार. हलणारा एकही भाग नाही, म्हणजे बिघडायला काही नाही, आणि जिथे माणूस कधीच आत जाऊ शकत नाही तिथे यापेक्षा चांगलं काय!

डबा मग हळूहळू थंड करतात, झाकण दुरूनच वेल्ड करतात, तपासतात, बाहेरून धुतात. हे सगळं जाड काँक्रीटच्या भिंतींआड, बाहेर उभा ऑपरेटर यांत्रिक हात चालवतो आणि जाड काचेच्या खिडकीतून पाहतो. त्या खिडकीच्या काचेत शिसं असतं आणि थोडं सेरियमही, कारण साधी काच किरणांनी काही दिवसांत तपकिरी पडते आणि मग आतलं काही दिसत नाही.

भारतात कुठे होतं हे? नागपुरात काही आहे का?

तारापूर, मुंबईतलं ट्रॉम्बे आणि तमिळनाडूतलं कल्पाक्कम. तारापूरचा प्लांट 1980 च्या दशकातला, ट्रॉम्बेचा 2002 चा, कल्पाक्कमचा नंतरचा. तारापूरला इलेक्ट्रोडवाली भट्टीही चालवली आणि काचेचे डबे ठेवायचं भांडारही तिथे आहे. हे काम स्वतः करू शकणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच आहेत, आणि त्यातलं एक ठिकाण आपल्या पालघर जिल्ह्यात आहे हे आपल्याकडच्या पोरांना माहीतच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नागपुरात असा प्लांट नाही. इथे अणुऊर्जा विभागाच्या खनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं ऑफिस आहे, त्यांचं काम युरेनियमसारखी खनिजं शोधायचं, कचऱ्याचं नाही.

ट्रॉम्बेची काच वेगळी असते म्हणतात, ते काय?

हो, आणि यातूनच कळतं की एकच रेसिपी सगळ्यांना चालत नाही. ट्रॉम्बेच्या जुन्या कचऱ्यात सल्फेट बरंच आहे, कारण रिप्रोसेसिंगमध्ये, म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम काढताना, पूर्वी फेरस सल्फामेट वापरायचे. सल्फेट साध्या बोरोसिलिकेटमध्ये फारसं विरघळत नाही, जास्त झालं की रसावर वेगळा तवंग धरतं. तो तवंग पाण्यात विरघळतो आणि सिझियमला स्वतःकडे ओढतो, म्हणजे जे कोंडायचं तेच बाहेर राहिलं. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) लोकांनी उपाय काढला तो बेरियमचा, बेरियम बोरोसिलिकेट काचेत सल्फेट जास्त मावतं.

मॉलिब्डेनमचंही तसंच. आमच्या लॅबमध्ये पोरं किरणोत्सारी नसलेले साधे क्षार घेऊन नकली कचऱ्याची काच करतात, सिझियमच्या जागी साधं सिझियम नायट्रेट, अमेरिशियमच्या जागी निओडिमियम. मॉलिब्डेनम हात राखून टाकला तर मूस तिरपी केल्यावर काळपट चकचकीत धार साच्यात पडते, मधासारखी, शेवटची तार तुटेपर्यंत. जास्त झाला तर थंड झालेल्या काचेवर पिवळी साय दिसते, नखाने खरवडली तरी निघते. ती साय पाण्यात टाकून पाहा असं मी पोरांना सांगते, पाणी लगेच पिवळं होतं आणि काच मात्र तशीच. फळ्यावर तासभर शिकवून जे कळत नाही ते एवढ्याने कळतं. उद्योगात याला यलो फेजच म्हणतात आणि कचरा किती टक्के घालायचा ते बरेचदा यावरूनच ठरतं.

काच पाण्यात विरघळते की नाही, हो की नाही सांगा.

विरघळते. पण हो-नाहीचा हा प्रश्नच नाही, किती वेगाने हा आहे.

गरम पाणी लागलं की आधी सोडियम बाहेर येतं आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो, मग सिलिकाचं जाळं सुटायला लागतं. ताज्या वाहत्या पाण्यात 90-100 अंशांना हा वेग दिवसाला चौरस मीटरमागे एखाद ग्रॅमच्या आसपास असतो. पण खोल जमिनीत पाणी धो-धो वाहत नसतं. साचलेल्या पाण्यात सिलिका भरत जाते, काचेवर जेलचा एक थर बसतो आणि तोच थर पुढचं पाणी अडवतो. वेग हजार ते दहा हजार पटींनी खाली येतो. दिवसाला 0.0001 ग्रॅम धरा, काचेची घनता 2.7 धरा, तर वर्षाला साधारण साडेतेरा नॅनोमीटर, हजार वर्षांत एका मिलिमीटरचा सत्तरावा-पंचाहत्तरावा भाग, लाख वर्षांत दीड मिलिमीटरच्या आत. हिशेब तुम्हीच करून पाहा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

एक अडचणही सांगायला हवी. काही परिस्थितीत, विशेषतः पाणी फार अल्कलाइन झालं तर, त्या थरातून झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे स्फटिक वाढतात, ते सिलिका खातात आणि काचेचं विरघळणं पुन्हा जोर धरतं. म्हणून डब्याभोवती कोणती माती, कोणतं सिमेंट ठेवायचं याचाही विचार काचेइतकाच करावा लागतो.

हजारो वर्षांचं आत्ता कसं कळणार? कोणी पाहून आलंय का?

काही वर्षांचे प्रयोग आणि हजारो-लाखो वर्षांचे नैसर्गिक नमुने, दोन्ही जोडून.

कॅनडात चॉक रिव्हरला 1958 आणि 1960 मध्ये खऱ्या किरणोत्सारी काचेचे ठोकळे डब्याशिवाय, उघडे, वाळूच्या जमिनीत भूजलाच्या पातळीखाली मुद्दाम पुरले आणि पाण्यातलं स्ट्रॉन्शियम वर्षानुवर्षं मोजलं. सुरुवातीला थोडं निघालं, मग वेग कमी कमी होत अगदी नगण्य झाला.

समुद्रतळाशी बुडालेल्या रोमन जहाजांत काचेचे ठोकळे सापडलेत, सुमारे अठराशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेले, त्यांच्या भेगांतले थर मोजून गणिताची मॉडेल्स तपासता येतात. आणि ज्वालामुखीची काच तर निसर्गात लाखो वर्षांची मिळते. बसाल्टची काच पाण्यात जशी बदलते तशीच आपली बोरोसिलिकेटही बदलते, म्हणून जगभर तिचा अभ्यास होतो.

आपल्यालाही यासाठी लांब जावं लागत नाही. लोणारला उल्का आदळली ती आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर, तिथे आघाताने वितळलेल्या बसाल्टची काच सापडते. सरोवराचं वय काही पद्धतींनी पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, काहींनी पाच लाखांच्या वर, त्यावर वाद आहे. काहीही धरलं तरी आपल्या कामाचा काळ आहे. पुढच्या वेळी लोणारला गेलात तर फक्त देवळं आणि पाणी पाहून येऊ नका.

आतल्या किरणांनीच काच खराब होणार नाही का?

याची भीती खूप होती म्हणून तपासलंही खूप. काचेत क्युरियम-244 सारखी कमी आयुष्याची, जोरात अल्फा किरण सोडणारी मूलद्रव्यं मिसळली की हजारो वर्षांचा मार काही वर्षांत बसतो. निघालेला निष्कर्ष असा की घनता टक्क्याच्या आसपासच बदलते, कडकपणा थोडा कमी होतो, भेगा पसरायला उलट थोडा विरोध वाढतो आणि पाण्यातला टिकाऊपणा फारसा बिघडत नाही. काच आधीच अव्यवस्थित आहे, तिला आणखी विस्कटून बिघडणार किती!

नागपूरच्या मे महिन्यात 46 अंश होतं, अशा उन्हात काच वितळणार नाही?

नाही. ही काच मऊ पडायला लागते ती 500 अंशांच्या आसपास. उन्हाचा नाही, आतल्या उष्णतेचा विचार जास्त करावा लागतो, ताज्या फ्रेंच डब्यातून 2 किलोवॅटपर्यंत उष्णता निघू शकते, म्हणजे घरातला एक मोठा गीझर सतत चालू. मधला भाग 500 च्या बराच खाली राहायला हवा, नाहीतर काचेत हळूहळू स्फटिक धरतात आणि तिचा टिकाऊपणा बदलतो. तारापूरच्या भांडारात यासाठी पंखे लागत नाहीत, गरम हवा उंच चिमणीतून आपोआप वर जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. वीज गेली तरी हे चालूच राहतं.

मग सिरॅमिक कशाला?

कारण काही मूलद्रव्यांना स्फटिकच जास्त घट्ट धरतात. ऑस्ट्रेलियाचे भूशास्त्रज्ञ टेड रिंगवूड यांनी 1978 मध्ये मांडलं की निसर्गात युरेनियम, थोरियम कोट्यवधी वर्षं ज्या खनिजांत टिकून आहेत तीच खनिजं आपण बनवू. त्यांच्या पदार्थाला सिनरॉक म्हणतात, म्हणजे बनवलेला दगड. त्यात टायटॅनियमची काही खनिजं एकत्र असतात आणि प्रत्येकाकडे वेगळं काम: हॉलंडाइट सिझियम धरतं, पेरोव्स्काइट स्ट्रॉन्शियम धरतं, झिर्कोनोलाइट युरेनियम, प्लुटोनियम वगैरे जड मंडळी धरतं. वितळवत नाहीत, पूड धातूच्या डब्यात सील करून वरून चहूबाजूंनी वायूचा दाब आणि उष्णता देतात, डबा चुरगळून आत घट्ट दगड होतो. सील केलेलं असल्याने उडून जाणारी मूलद्रव्यंही कुठे जात नाहीत, हा मोठा फायदा.

अल्फा किरणांचा मार इथे मात्र दिसतो, स्फटिकाची रचना मोडत जाऊन तो काचेसारखा होतो. पण निसर्गात सापडणारे कोट्यवधी वर्षं जुने झिर्कोनोलाइट असेच मोडलेले असूनही त्यांनी आपलं युरेनियम-थोरियम बहुतांशी सोडलेलं नाही. आणि गॅडोलिनियम झिर्कोनेटसारखे काही पदार्थ हा मार फारच चांगला सोसतात. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट हेही असंच, थोरियम पोटात घेऊन कोट्यवधी वर्षं बसलेलं, म्हणून मोनाझाइटच्या जातीची फॉस्फेट सिरॅमिक्सही अभ्यासात आहेत.

सिरॅमिक इतकं भारी आहे तर सगळे काचच का करतात?

कारण हाय लेव्हल कचऱ्यात सगळंच मिसळलेलं असतं, रोज थोडं वेगळं असतं, आणि काच हे सगळं सहन करते. सिरॅमिकला मोजूनमापून मिसळ लागते, जरा इकडेतिकडे झालं की नको तो स्फटिक तयार होतो. शिवाय भट्टीतून ओतणं हे पूड दळून दाबण्यापेक्षा बंद खोलीत दुरून करायला सोपं. फ्रान्समध्ये मार्कूलला 1978 पासून काच होतेय, एवढ्या वर्षांचा हात बसलेला सोडून कोण नवीन धरेल?

माझं मत विचाराल तर मिसळ कचऱ्याला काच आणि वेगळं काढलेल्या प्लुटोनियम-अमेरिशियमसारख्यांना सिरॅमिक, हीच शहाणपणाची वाटणी आहे. ब्रिटनने जानेवारी 2025 मध्ये सेलाफिल्डच्या अणुकेंद्रातला आपला प्लुटोनियमचा साठा इंधनासाठी न वापरता पक्का गोठवायचं ठरवलं, तिथे सिरॅमिकचंच नाव पुढे आहे.

काचेत न मावणारं काही आहे का?

आयोडीन. 1100 अंशांना ते थांबतच नाही, वायू होऊन जातं, आणि आयोडीन-129 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, दीड कोटी वर्षांच्या वर आहे. त्याला चांदीच्या झिओलाइटवर धरायचं, मग कमी तापमानाची काच किंवा वेगळं सिरॅमिक करायचं, यावर काम चालू आहे. टेक्नेशियमही भट्टीत बरंच उडतं. पॅलेडियम, रोडियम, रुथेनियम उडत नाहीत तेवढे, पण विरघळतही नाहीत, तळाशी साचतात आणि इलेक्ट्रोडवाल्या भट्टीत करंटची वाट बदलतात.

हे सिझियम कचऱ्यातून काढून कामाला लावता येत नाही का?

येतं, आणि आपल्याकडे लावलंय. ट्रॉम्बेला कचऱ्यातून सिझियम-137 वेगळं काढून त्याची काच करतात आणि त्या काचेच्या पेन्सिली ब्लड इरॅडिएटरमध्ये वापरतात. रक्त चढवताना दात्याच्या पांढऱ्या पेशी अशक्त पेशंटच्या शरीरावर उलटू शकतात, रक्ताला आधी ठरावीक किरणांचा डोस दिला की ते टळतं. इतर ठिकाणी यासाठी बरीच वर्षं सिझियम क्लोराइडच वापरत आलेत, तेच गोयानियातलं. आपण त्याच्या जागी काच ठेवली, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात चांगलं काम वाटतं.

शिवाय सिझियम आणि स्ट्रॉन्शियम काढून घेतले की उरलेल्या कचऱ्याची उष्णता बरीच कमी होते.

शेवटी हे डबे जाणार कुठे? विदर्भात पुरणार का?

आधी काही दशकं थंड होऊ देतात. सिझियम आणि स्ट्रॉन्शियम दोघांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे तीनशे वर्षांत हजारावा भाग उरतो. त्यापुढचा प्रश्न प्लुटोनियम-अमेरिशियम आणि टेक्नेशियमसारख्या दीर्घायुषींचा, त्यासाठी शेकडो मीटर खोल खडकातलं भांडार. भारतात असं भांडार अजून कुठेच बांधलेलं नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खूप खोलवर हीटर लावून खडक उष्णतेला कसा वागतो याचे प्रयोग पूर्वी झालेत.

काळा पाषाण चालेल का असं भूगोलवाले विचारतात. अमेरिकेने हॅनफर्डच्या बसाल्टमध्ये अभ्यास केला होता, 1987 मध्ये तो सोडला. आपल्या बसाल्टमध्ये भेगा आणि सच्छिद्र थर असतात, गावोगावच्या विहिरींना त्यातूनच पाणी येतं. जिथून लोक पाणी पितात असा खडक मी तरी सुचवणार नाही.

घाई का नाही, तर आकारमान फार नाही म्हणून. हजार मेगावॉटच्या अणुभट्टीच्या एका वर्षाच्या कचऱ्याची काच साधारण 5 टन धरतात, म्हणजे 1.3 मीटर उंच आणि 0.4 मीटर व्यासाचे बाराएक डबे.

नागपूरच्या हॉस्पिटलमधला रेडिओअॅक्टिव्ह कचराही काचेत जातो का?

नाही. थायरॉइडसाठी देतात ते आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं, वॉर्डचं सांडपाणी टाक्यांत साठवून ठेवलं की आपोआप संपतं. कॅन्सरच्या मशीनमधला जुना कोबाल्ट परत पाठवावा लागतो, कुठेही टाकता येत नाही. भंगारात अशी जड, त्रिपानाचं चिन्ह असलेली वस्तू दिसली तर हात लावू नका, उघडू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

कोराडीच्या राखेतही युरेनियम असतं म्हणे. मग तिचीही काच करा!

असतं, थोरियमही असतं, पण अगदी लेशमात्र, दगडमातीत असतं त्यापेक्षा थोडं जास्त. हाय लेव्हल कचऱ्याशी तिची तुलनाच नाही. राखेचा त्रास वेगळा आहे, धूळ आणि जड धातूंचा, तो खरा आहे आणि त्याकडे वेगळं लक्ष द्यायला पाहिजे.

काचेतून हे परत काढता येईल का?

तत्त्वतः येईल, काच विरघळवता येते, पण फार कष्टाचं आणि महागाचं. म्हणून काढायचं असेल ते काच व्हायच्या आधी काढा.

मला यात करिअर करायचंय, कुठून सुरुवात करू?

केमिकल, मेटलर्जी, केमिस्ट्री, फिजिक्स, काहीही चालेल. बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल हा सरळ रस्ता. कल्पाक्कमला इंदिरा गांधी सेंटर आहे, कोलकात्याला काच आणि सिरॅमिकची केंद्रीय संस्था आहे. पण त्याआधी, कॉलेजच्या लॅबमध्ये मफल फर्नेस असेल तर कोणाला तरी सोबत घेऊन साधी सोडियम बोरोसिलिकेट काच वितळवा. फेसशील्ड आणि हातमोजे घालूनच. साचा आधी तापवून ठेवा, गार साच्यात ओतली तर काच तडकून उडते. मग तुकडा अॅनिलिंगला, म्हणजे भट्टीत हळूहळू थंड व्हायला, ठेवा, वजन करा, 90 अंशांच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडाभर ठेवा आणि पुन्हा वजन करा. पाण्याचा पीएचही पाहा, तो वर गेलेला दिसेल, कारण सोडियम बाहेर आलंय. मग बोरॉन कमी-जास्त करून पुन्हा करा, आकडे वहीत लिहा आणि ते घेऊन या, पुढचं बसून बोलू.